आक्कांची मिसरी

शेजारच्या आक्का मिसरी लावायला दारात बसल्या की त्यांना कुणी हाक मारायची नाही. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटावर, बोट दातांवर आणि नजर रस्त्यावर. सगळं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलेलं.

एकदा घसरून पडल्या नि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, तरी जुळेना. बेळगावात टिळकवाडीला राहणारा त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, आता चाकाची खुर्ची घेऊ."

"खुर्चीत बसाय मी सरपंच हाय व्हय रं? पाय माझा हाय. मी चालणार."

बेळगावच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो. ते म्हणाले, हाड वाढवणारं एक प्रथिन असतं. ऑपरेशन करून ते स्पंजात भिजवून मोडलेल्या जागी ठेवायचं. मग तिथं नवं हाड धरायला लागतं.

"म्हंजे विरजणच की!" आक्का म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "तंबाखू खाता?"

"न्हाय."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मिसरीला तंबाखू म्हणणारी बाई आमच्या गल्लीत नाही. पण मला आकडा लागतो. मी विचारलं, "यशाची खात्री किती टक्के?"

"टक्के सांगत नाही. तंबाखू नसेल तर आशा चांगली. असेल तर हाड जुळायलाच अडतं."

"आणि मिसरी?"

आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली बघितलं.

"ती तंबाखूच, आजी," डॉक्टर म्हणाले. "आधी ती सोडा, मग ऑपरेशन."

परतीच्या बसमध्ये निपाणी जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "चुगलखोर." थोड्या वेळानं, "नासक्या भांड्यात विरजण लागत न्हाय. खरं हाय."

दुसऱ्या सकाळी त्या नेहमीसारख्या दारात बसल्या. बोट कोरडं, मिसरीची डबी समोर उघडी.

"आक्का, आज मिसरी न्हाय लावलीस गं?" समोरच्या बाईनं डिवचलं.

"बघत बसलोय, ही डबी जिंकती का मी त्ये."

ऑपरेशन झालं. हाड जुळलं. डॉक्टरांनी प्रथिनाचं कौतुक केलं, तर आक्का म्हणाल्या, "विरजण चांगलंच हुतं. पर भांडं कुणी घासलं?" पुढं मरेपर्यंत त्या बाजाराला पायी गेल्या. खुर्ची घरात आलीच नाही.

दहाव्याला सुनेनं आवडीची वस्तू म्हणून पिंडापुढं ती डबी ठेवली. कावळा शिवेना. मी डबी उचलून खिशात घातली. भटजींनी डोळे वटारले.

"कावळा नाही शिवला तरी चालेल," मी म्हणालो. "डबी जिंकायची नाही."