गॅसवरून ओवाळलेल्या कोंबड्या

सरूबाईचा जन्म वाकूनच गेला. गावी करमाडला सासऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढलं, शहरात मुकुंदवाडीत आल्यावर लोकांच्या फरशा पुसल्या. आता गुडघा उचलंना, आन परसात खुराडं. बहिणीनं दिलेल्या कोंबड्या आल्यापासून त्यातच कोंडलेल्या. रोज वाकून घाण काढायची, पाणी ठेवायचं. शेवटी तिनं ठरवलं, सोडून द्यायच्या. सांजच्याला आपल्या पायानं आल्या तर ठेवायच्या; हुडकत फिरावं लागलं तर देऊन टाकायच्या.

नवी कोंबडी सोडायची तर आधी चुलीभोवती फिरवून पायाला राख लावायची, म्हंजी ती घर इसरत नाय, ही करमाडची रीत. पण घरात चूल कुठली? गॅस, तोबी ओट्यावर, भिंतीला चिकटून. तिनं एकेक कोंबडी शेगडीवरून ओवाळली, पायाला उदबत्तीची राख लावली.

बाजेवरून नवरा कडूबा म्हणाला, "गॅसची ओळख करून दिली व्हय? मग एजन्सीतच जातील मुक्कामाला."

"तुमी गप पडा. सकाळधरनं त्याच बाजेवर हायेत, तुमाला कोणी ओवाळलं होतं?"

कडूबा हसला. तिला हसायचीबी ताकद नव्हती.

परसाचं दार उघडलं तर कोंबड्या उंबऱ्यावरच थबकल्या. मग एकीनं मान काढली, पाठोपाठ साऱ्या कंपाउंडखालून पसार.

दिवस मावळला. एकबी परतली नाय. सरूबाई पायरीवर बसून राहिली. आवाज द्यायचाबी कंटाळा आला.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून आशाबाईची हाक आली, "सरूमावशी, तुमच्या पाहुण्या इथं बसल्यात!"

पाय वढत गेली. आशाबाईच्या न्हाणीमागं पाणी तापवायची चूल. तिच्या कोमट राखेत कोंबड्या पंख पसरून लोळत होत्या, जणू जन्मल्या तिथंच.

"खऱ्या चुलीला वळखलं की वं त्यांनी," आशाबाई म्हणाली. "धरून देऊ का?"

सरूबाई तिथल्या दगडावर टेकली. "नको. तुझ्याकडंच राहू दे."

"असं कसं? आन अंडी?"

"घाण काढंल त्याची अंडी. आमच्या यांच्यासाठी एखांदं धाडत जा."

"मावशी, रुसलात का काय?"

"रुसायला दम लागतो बाई. पाणी दे घोटभर."

पाणी पिऊन ती घरी आली. खुराड्याकडं न बघता आडवी झाली. सकाळी उशिरापर्यंत उठली नाय. चहा कडूबालाच ठेवावा लागला.