भिंतीवरचे बाक

चीनच्या भिंतीवर अख्खा दिवस घालवून एकाही फोटोत भिंत येऊ न देणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि अमेरिकेत, सनीव्हेलमधल्या आमच्या एवढ्या मोठ्या ऑफिसात माझं टेबल नेमकं त्याच्याच शेजारी लागलं. माझी आई नागपूरला पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून फोनवर म्हणायची, "असतील रे मागच्या जन्मीचे ऋणानुबंध." असतील बापडे. पण साडेसातीसुद्धा साडेसात वर्षांनी आटोपतं घेते. माझी अकरा वर्षं चालली.

तो मूळचा फिलिपिन्सचा. ऑफिसात लहानथोर सगळे त्याला 'कुया' म्हणत. त्यांच्या भाषेत कुया म्हणजे दादा. वयानं माझ्यापेक्षा चांगला वीस वर्षांनी मोठा, पण सख्ख्या दादाला अहो-जाहो कोण करतं, म्हणून मीही इथे अरे-तुरेच करणार आहे. आमचं काम चिप तपासण्याचं. कारखान्यातून चिप आली की ती कागदावर लिहिल्याप्रमाणे चालते का ते बघायचं आणि पास की फेल ते ठरवायचं. हे काम कुयाच्या हाडीमाशी इतकं भिनलं होतं की त्याचा कुठल्याही लिहिलेल्या गोष्टीवर विश्वास उरला नव्हता. "कागदावर काय आहे ते सांगू नकोस. मोजलंस का?" हा त्याचा आवडता प्रश्न. किल्ल्यांच्या जुडग्यात तो एक छोटी मोजायची टेप बाळगायचा आणि तिनं काय वाटेल ते मोजायचा. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ चाळीस सेकंद पुढे आहे हे त्यानंच शोधून काढलं, आणि हा शोध त्यानं ज्या मीटिंगमध्ये सांगितला त्या मीटिंगला तो स्वतः वीस मिनिटं उशिरा आला होता. फोन केला की म्हणायचा, "ऑन द वे, ऑन द वे," आणि मागे शॉवरचा आवाज यायचा.

शिवाय हा माणूस कधी बोटानं काही दाखवायचा नाही. ओठांचा चंबू करायचा आणि ज्या दिशेला वस्तू असेल त्या दिशेला तो पुढे काढायचा. त्यांच्याकडे ही रीतच आहे म्हणे. "ते दे जरा," असं म्हणून ओठ पुढे काढी, की मी टेबल, कपाट, खिडकी, असं सगळं धुंडाळत बसे, आणि त्याला हवा असलेला स्क्रूड्रायव्हर माझ्याच हाताखाली असे. खायला घालण्याबद्दल तर बोलायलाच नको. सकाळी नऊ असोत की दुपारचे चार, भेटल्यावर पहिला प्रश्न, "जेवलास?" मी शाकाहारी आहे हे त्याला अकरा वर्षांत किमान शंभरदा सांगून झालं होतं. त्याच्या वाढदिवसाला घरून शेवयांचा मोठा ट्रे यायचा. त्यातली कोळंबी तो माझ्यादेखत एकेक करून वेचून स्वतः खायचा आणि उरलेली ताटली माझ्यापुढे सरकवून म्हणायचा, "घे. आता व्हेज झालं."

पण कळस म्हणजे फोटो. कुया कुणाचाही एक फोटो काढत नसे, तीन काढायचा. एक सभ्य, एक वेडेवाकडे चेहरे केलेला आणि एक उडी मारतानाचा. "लास्ट वन" हे शब्द तो एका वेळी नऊदा उच्चारायचा. आणि एवढं सगळं करून फोटो वाकडा, कोपऱ्यात त्याचं स्वतःचं बोट. सगळं मोजून मापून करणाऱ्या माणसाला स्वतःचं बोट तेवढं दिसत नसे.

अशा माणसाबरोबर मला कंपनीनं दोन आठवड्यांसाठी चीनला पाठवलं. तिथल्या कारखान्यात पहिल्याच दिवशी कुयानं बिघडलेलं मशीन दाखवायला ओठांचा चंबू केला आणि समोरची सुपरवायझर बाई गोरीमोरी झाली. पुढची दहा मिनिटं मी तिला समजावत होतो की यांच्या देशात असंच दाखवतात. दुपारी त्यानं डोळ्यांखेरीज काहीही न दिसणाऱ्या पांढऱ्या पोशाखातले बारा इंजिनिअर बाहेर अंगणात उभे केले आणि म्हणाला, "स्माइल!" त्यातले कोण हसले आणि कोण नाही हे आजतागायत कुणालाही कळलेलं नाही.

दोन आठवड्यांत सुट्टीचा रविवार एकच होता आणि त्या रविवारी आम्ही भिंत बघायला गेलो. मला फक्त सर्वांत वरच्या बुरुजापर्यंत जायचं होतं. तिथून म्हणे डोंगरांच्या माथ्यावरून नागमोडी गेलेली भिंत पार क्षितिजापर्यंत दिसते. कुयाचा बेत मात्र वेगळा होता आणि तो त्यानं मला विमानातच सांगितला होता. त्याची बायको नर्स. लग्नात त्यानं तिला कबूल केलं होतं की एकदा चीनची भिंत दाखवीन. मग अमेरिका आली, मुलं आली, हॉस्पिटलच्या ड्यूट्या आल्या, आणि तीस वर्षं उभ्यानं काम करून तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या. पुढच्या सप्टेंबरात ती रिटायर होणार होती, आणि डिसेंबरात ऑपरेशन ठरलं होतं. तिचं म्हणणं असं की नवे गुडघे बसवायच्या आधी जुन्यांना एकदा भिंत दाखवलीच पाहिजे, त्यांनी एवढी वर्षं सोसलंय. मात्र तिथे जाऊन अर्ध्यातून परत फिरायचं असेल तर ती येणारच नव्हती. तेव्हा तिला जमेल की नाही ते कुया मोजून ठरवणार होता.

केबल कारमधून उतरलो. समोर डोंगर, धुकं, हजारो वर्षांची भिंत. आणि कुयानं तिच्याकडे पाठ करून पहिला फोटो काढला तो संडासाचा. "कमोड आहे," तो समाधानानं म्हणाला. मग कठडा. मग पायऱ्या. तिथल्या पायऱ्या कुणी बांधल्या देव जाणे, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. कुया प्रत्येक पायरीला टेप लावून फोनमधल्या तक्त्यात भरू लागला. उंची किती, कठडा कुठल्या हाताला, पास की फेल. मागे माणसं तुंबली. मी सगळ्यांची माफी मागत होतो. तेवढ्यात बाक आला.

"बस," कुया म्हणाला.

"मी दमलो नाहीये."

"तुला कोण विचारतंय? बाकाची उंची फोटोत कळायला माणूस लागतो. तुझी आणि तिची उंची अगदी सेम आहे."

माझी पाच फूट तीन इंच उंची लग्नाच्या वेळी पत्रिकेइतकीच आडवी आली होती. ती अशी चीनमध्ये येऊन कुणाच्या कामी पडेल असं वाटलं नव्हतं. मी बसलो. तीन फोटो झाले. पुढच्या बाकावर पुन्हा बसलो. उजवीकडून, डावीकडून, पाय टेकवून. "लास्ट वन!" वरचा बुरुज लांबूनच दिसत होता, आणि जसजसा दिवस उतरत होता तसतसा माझा चेहरा फोटोगणिक काळवंडत होता. तिसऱ्या बुरुजाशी पोहोचतो तोच कळलं की केबल कारच्या शेवटच्या फेऱ्या चालू आहेत. आम्ही पळत खाली आलो. त्या रात्री जेवताना मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. त्यानं माझ्या नूडल्समधली कोळंबी वेचून काढली.

परत आल्यावर त्यानं मला सहकुटुंब घरी जेवायला बोलावलं. फोटोंचं चक्क छापलेलं पुस्तक केलं होतं. माझी सात वर्षांची लेक ते चाळत म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू सिटिंग एव्हरीव्हेअर?" बायको माझ्या कानात पुटपुटली, "यार, एका तरी फोटोत हसायचंस ना!" मी कुयाच्या बायकोला मनातल्या मनात वहिनी म्हणतो. वहिनी चष्मा लावून एकेक पान बघत होत्या, माझ्या चेहऱ्याशी आल्या की खुदकन हसत होत्या. शेवटचं पान उलटून त्यांनी विचारलं, "आणि उतरतानाचे?"

"उतरतानाचे?" कुयानं विचारलं.

"अरे, चढताना मला फारसं काही होत नाही. दुखतं ते उतरताना. तीस वर्षं माझ्या घरात राहतोस, तुला ठाऊक नाही?"

कुयानं फोनमधला तक्ता उघडला. तक्त्यात दोनशेच्या वर पायऱ्या होत्या आणि सगळ्या खालून वर मोजलेल्या. उतरताना कठडा कुठल्या हाताला येतो, पाय कुठे टाकायचा, खाली बघितल्यावर भोवळ येईल का, यातलं काहीच त्यात नव्हतं. आम्ही दोघंही इंजिनिअर, पण वर चढलेला माणूस खालीही उतरतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. वहिनींनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे. बघितली मी भिंत. छान आहे." आणि त्या वाढायला उठल्या, टेबलाला धरून.

वसंतात मला पुन्हा चीनला जायचं निघालं, या वेळी एकट्याला. कुया दुसऱ्या प्रोजेक्टवर अडकला होता. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि जुडग्यातली टेप सोडवून त्यानं माझ्यापुढे ठेवली.

"मी या वेळी भिंत बघणार आहे," मी ठणकावलं. "बाक नाही, पायऱ्या नाहीत. भिंत."

"हो, हो. आधी भिंत बघ," तो म्हणाला. "जेवलास?"

मी खरोखरच वरच्या बुरुजाकडे निघालो होतो. पण पहिल्याच उतरत्या पायऱ्यांशी पाय अडखळला आणि टेबलाला धरून उठणाऱ्या वहिनी डोळ्यांसमोर आल्या. मग काय! चीनच्या भिंतीवर भर उन्हात ओणवा होऊन मी पायऱ्या मोजू लागलो. ज्या माणसाला मी येडा म्हणत आलो त्याच्याही वरताण. काठी टेकत आलेल्या एका चिनी आजीबाईंनी काही न विचारता टेपचं दुसरं टोक धरलं. दुसऱ्या बुरुजाच्या पलीकडे सात पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच होत्या आणि उजव्या हाताला कठडा नव्हता. मी कुयाला कळवलं, फेल. त्याचा लगेच फोन आला.

"मोजलंस?"

"दोनदा."

"बरं," एवढंच तो म्हणाला. मला त्या 'बरं'चा असा काही राग आला की सांगता सोय नाही. फोन खिशात टाकून मी त्या बुरुजाला तीन चकरा मारल्या. आजीबाई लांबून बघत होत्या. मग त्यांनी हनुवटीनं एक बाजू दाखवली. बुरुजाच्या मागून एक अरुंद वाट खाली जात होती, पायऱ्या वीतभर, दोन्हीकडे कठडा आणि मधोमध एक बाक. मी त्या बाकावर बसलो, आजीबाईंकडून फोटो काढून घेतला आणि पाठवला. खाली लिहिलं, पास. वरचा बुरुज त्याही वेळी राहिला.

सप्टेंबरात वहिनी रिटायर झाल्या आणि त्यांच्यापाठोपाठ कुयाही. ऑक्टोबरात एका सकाळी मी गाडी पार्क करत असताना त्याचा फोटो आला. वाकडा, कोपऱ्यात बोट. त्याच बाकावर वहिनी बसल्या होत्या, पाय नीट टेकवून, हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या आणि ओठ फुगवलेले. हुबेहूब मी! मी लिहिलं, "आणि भिंत कुठे आहे?" उत्तर आलं, "असेल तिच्या मागे कुठेतरी." मी गाडीत बसून एकटाच हसलो.

ऑपरेशन नीट झालं. आता दोघं त्यांच्या गावी, समुद्राकाठी जाऊन राहिले आहेत. शेजारच्या टेबलावर नवा मुलगा आला आहे. वेळेवर येतो, बोटानं दाखवतो. मी जेवलो की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ज्या शांततेसाठी मी अकरा वर्षं देव पाण्यात घालून बसलो होतो ती अशी मिळाली, आणि मला ती अजिबात आवडलेली नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला तो फोटो दाखवला. आई गॅलरीतच बसली होती.

"ही कोण रे, तुझ्यासारखीच फुगून बसलेली?"

"वहिनी. कुयाची बायको," मी म्हणालो. "केवढी भिंत चढून गेली, माहितीये?"

"चढतं रे माणूस कसंही," आई म्हणाली. "उतरताना त्रास नाही ना झाला तिला?"

गेली दोन वर्षं फोन केला की ती गॅलरीतच असते. खालच्या देवळात जात नाही, भाजी वर मागवते, आणि हवा छान येते म्हणून इथे बसते असं सांगते. मी ते खरं मानत आलो. आमच्या घराच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत ते मला माहीत नाही, आणि कठडा कुठल्या हाताला आहे तेही आठवत नाही. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. टेप अजून माझ्याकडेच आहे, ती आधी बॅगेत टाकली.