एक चमचा रेचक

माझ्या धाकट्या भावाला, वसंताला, श्वास कसा घ्यावा हे शिकवायची जबाबदारी माझ्यावर होती आणि ती मी एरंडेलाने पार पाडली.

आमच्या घरी हा किस्सा पंचवीस वर्षं सांगितला जातो, पण त्यात दोषी म्हणून नाव येतं आत्याचं. मी हसतो आणि तहान नसताना पाणी प्यायला उठतो. आज मात्र बसून सगळं सांगतो.

आम्ही तेव्हा डोंबिवलीत होतो. वसंताला जंगलखात्यात नोकरी लागत होती. अडलं होतं छातीशी. ठाण्याच्या डॉक्टरांसमोर ती फुगवून दोन इंच वाढली तर नोकरी, नाहीतर घरी! आणि वसंताने छाती फुगवली काय न फुगवली काय, टेपला पत्ताच लागत नसे. अण्णांच्या पेन्शनीला चार महिने उरलेले. येरझारा घालत ते म्हणाले, "बाळू, दहा दिवस आहेत. कल्याणच्या तालमीतल्या मास्तरांना गाठ."

गाठलं. मास्तरांनी तासभर समजावलं. पण समोरच्या दुकानात भजी तळत होते (आणि माझं एका वेळी एकाच शास्त्राकडे लक्ष लागतं). शेवटी त्यांनी चिठ्ठी दिली: 'पहाटे सूर्यनमस्कार. मग पूरक, कुंभक, रेचक. रोज थोडे वाढवणे. नंतर मोडाचे मूग व दूध.'

घरी येऊन मी अर्थ लावला. मूग आणि दूध खायचे-प्यायचे, म्हणजे त्याआधीचे तीन पदार्थही पोटातच जायचे! "पूरक म्हणजे केळं," मी आत्याला म्हटलं. "कुंभक म्हणजे कुंभातलं, म्हणजे माठातलं पाणी. आणि रेचक तर उघडच आहे!"

आत्या फळीवरची एरंडेलाची बाटली काढता काढता थांबली. "अरे, पण कीर्तनात बुवा म्हणत होते, कुंभक म्हणजे श्वास कोंडून धरणं आणि रेचक म्हणजे श्वास सोड–"

"आत्या! मॅट्रिकला संस्कृत कुणाला होतं? तुला की मला?"

(मला होतं. छत्तीस मार्क.)

पहिल्या दिवशी एक चमचा, मग रोज अर्धा जास्त. वसंत अंगणात नमस्कार घालायचा, केळं खायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, आत्याच्या हातून चमचा घ्यायचा आणि टमरेल घेऊन परसात धावायचा. मूग-दुधापर्यंत तो कधी पोचलाच नाही! परसातला संडास चार बिऱ्हाडांत एक. चौथ्या दिवशी दामलेकाका दारात उभे. "अहो बाळासाहेब, वसंतरावांनी तिथला पास काढलाय का? आम्हाला निदान रविवारी तरी सोडा!"

रोज संध्याकाळी मी टेप लावायचो. छाती रोज कमी! आठव्या दिवशी वसंताची विजार नाडीनेही थांबेना.

"दादा, मी संपतोय रे."

"शुद्धी चाललीय! आधी रिकामं करायचं, मग भरायचं!" असं मी म्हटलं खरं, पण माझीच झोप उडाली होती. तरी आत्याला विचारायला काही जीभ रेटली नाही.

परीक्षेच्या सकाळीही मी खाडा पडू दिला नाही. डोंबिवली ते ठाणे या प्रवासाबद्दल मी काही लिहिणार नाही.

डॉक्टर जुन्या वळणाचे. टेप लावून म्हणाले, "हं, पूरक... वा, कुंभक... आता रेचक!"

"नको!" वसंत किंचाळला. "आज पाच चमचे झालेत!" आणि उघड्या अंगाने तो बाहेर पळाला.

मी अडखळत चिठ्ठीचा अर्थ सांगितला. डॉक्टर हसता हसता टेबलावर आडवे झाले! "पंधरा दिवसांनी आणा त्याला. आणि अहो, ते तिन्ही नाकाने करायचं असतं!"

घरी अण्णांचा आवाज चढला. "एरंडेल कुणी पाजलं?"

"आत्याने," वसंत म्हणाला. खोटं नव्हतं, चमचा तिचाच.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टी शोधू लागलो. "चुकलं माझं," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनेच वसंताला श्वास शिकवला. छाती सव्वादोन इंच फुगली. नोकरी लागली. पण घरात पुढे पाच पोरं झाली, तरी एकाही सुनेने आत्याला बाळगुटी उगाळू दिली नाही. माझ्या बायकोनेसुद्धा.

गेल्या महिन्यात वसंताने जेवताना पुन्हा तोच किस्सा रंगवला. आत्याही हसली आणि ताटं उचलून आत गेली. या वेळी मी पाण्याला न जाता तिच्यामागे गेलो आणि मोरीपाशी उभा राहून एका दमात सगळं ओकलो: भजी, चिठ्ठी, छत्तीस मार्क, संकष्टी. बोलून संपलं तेव्हा छातीतून एवढा मोठा सुस्कारा निघाला की फळीवरचे पेले हलले.

आत्याने ताट विसळून पालथं घातलं.

"जमलं बाबा एकदाचं," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं कुंभक करून बसला होतास. आज रेचक झालं!"