ताईचं रिकामं खोकं

माझी थोरली बहीण पंपांच्या कारखान्यात टायपिस्ट होती. मी त्याच कारखान्यात माल उचलायला. मी कामाची किंमत वजनावर करायचो. दिवसभर खुर्चीवर बसून बोटं हलवायची, यात कष्ट कसले, असं मी तिला घरी नेहमी चिडवायचो. ती मला पैलवान म्हणायची.

"पैलवान, एक पान टाइप करून दाखव, मग बोल."

एकदा बसलो होतो. दोन ओळींत मान दुखली. तिला कबूल केलं नाही.

मग जुने टाइपरायटर गेले. मीच खाली नेले. एकेक उचलताना कंबर बोलायची. त्यांच्या जागी नवी यंत्रं आली, तीही मीच वर चढवली. पडदा जड होता, पण खोकं एका हातात मावेल एवढं. त्याला नेटवर्क कॉम्प्युटर म्हणतात, असं आमचे कॉम्प्युटरचे इंजिनियर म्हणाले. उचलून बघितलं. आत काही असेल असं वाटेना.

ताईनं ते यंत्र आपलंसं करायला फार मेहनत घेतली. लिहायचा प्रोग्रॅम रोज सकाळी तारेतून यायचा. सगळ्यांनी एकदम यंत्रं चालू केली की पडद्यावर नुसतं घड्याळ फिरत राहायचं. म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. सवयीनं प्रत्येक ओळ संपली की एंटर मारायची, जसा टाइपरायटरचा दांडा ओढायची तसा. पुढं साहेबांनी पानाची रुंदी बदलायला सांगितली, तेव्हा सगळ्या ओळी मधेच तुटून पडल्या. तिनं एकेक ओळ हातानं जोडली. कुरकूर केली नाही. कामात चूक झाली की ते काम पुन्हा करायचं, एवढंच तिला माहीत.

काम होतं पंपाच्या दुरुस्तीचं पुस्तक. ते ब्राउझरमध्ये दिसायला हवं होतं, म्हणजे कुठल्याही खात्यातला मेकॅनिक आपल्या पडद्यावर हवं ते पान उघडून बघू शकेल. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, मालक येतील त्या दिवशी पुस्तक दिसलं तर टायपिंगची खोली राहील. नाही दिसलं तर हे काम बाहेर जाईल आणि तिघी टायपिस्ट पॅकिंगला. ताईला पॅकिंगचा तिटकारा होता असं नाही. पण जे काम आपल्याला येतं ते हातातून जायला नको, यासाठी तिचा जीव तुटत होता.

मालक दुपारी येणार होते. जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावरच्या टाकीचा पाइप सुटला. पाणी नेमकं ताईच्या टेबलावर पडलं. ती परत आली तेव्हा खोक्यातून पाणी गळत होतं आणि पडदा काळा.

मी जिन्यात होतो. तिची हाक ऐकून वर पळालो.

"उचल! इंजिनियरांकडे चल! आणि तिरकं करू नकोस, सगळी पानं आत आहेत!"

"तिरकं केलं तर काय पानं सांडतील?"

"तोंड बंद ठेव आणि चाल!"

मी खोकं दोन्ही हातांत सपाट धरलं. एवढ्याशा वजनासाठी मी आयुष्यात इतका जपून चाललो नव्हतो. ती पुढं धावत होती आणि "सरका, सरका" म्हणत सगळ्यांना बाजूला करत होती. लोकांना वाटलं कुणाला लागलं.

इंजिनियरांनी खोकं पुसलं, झाकण उघडलं आणि आत डोकावून बघितलं.

"यात काहीच नाही."

ताई मटकन स्टुलावर बसली. "सगळं गेलं?"

"गेलं कुठं? यात कधी काही नव्हतंच."

"अहो, एवढे दिवस मी काय हवेत टाइप करत होते?"

"तुमची पानं त्या मोठ्या यंत्रात, सर्व्हरमध्ये आहेत." त्यांनी मागच्या थंडगार खोलीकडं बोट दाखवलं. "खोकं फक्त दाखवतं. कुठल्याही यंत्रावर बसून तुमचं नाव टाका, काम समोर येईल. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"त्या दिवशी तुम्ही इतकं सांगितलंत, की मला फक्त चालू करायचं बटण तेवढं कळलं."

खरं तर आमच्याकडं आपली खुर्ची सोडून दुसऱ्याच्या खुर्चीवर कुणी बसायचंच नाही. म्हणून ही गोष्ट कळायची वेळच आली नव्हती.

इंजिनियर आपल्या खुर्चीवरून उठले. ताई बसली. तिनं नाव टाकलं, खुणेचा शब्द टाकला. घड्याळ फिरायला लागलं. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग पान आलं. तिचं पान, तिनं सोडलं होतं जवळजवळ तिथंच.

"आलं गं बाई!" असं ती स्वतःलाच म्हणाली.

प्रत्येक परिच्छेद संपला की सेव्ह करायची तिची शिस्त होती. त्यामुळं शेवटचा अर्धाच परिच्छेद गेला होता. तिनं तो तिथंच पुन्हा टाइप केला, कीबोर्डकडं न बघता. मी शेजारी उभा राहून बघत होतो. तिच्या कपाळावर घाम होता. खुर्चीवर बसूनही घाम येतो, हे मी त्या दिवशी मान्य केलं. मनातल्या मनात.

मालक आले. बैठकीच्या खोलीत त्यांनी ब्राउझर उघडला, पंपाचं चित्र बघितलं, खाली झाकण उघडायची कृती वाचली. मग दुसरं पान. मग तिसरं. साहेबांनी बाहेर येऊन ताईला सांगितलं, "खोली राहिली."

बाकीच्या दोघी टायपिस्टनी तिला मिठीच मारली. इंजिनियर म्हणाले, नवं खोकं उद्या बसवतो, आज घरी जा. ती कसली जाते! मला घेऊन गोदामात गेली.

"भाऊ, उठा जरा," ती गोदामवाल्याला म्हणाली. नाव टाकलं. पान आलं. ती खुदकन हसली.

"हे बघ पैलवान, इथंही मीच!"

मग कँटीनच्या हिशेबनिसाची खुर्ची. मग फाटकावरची. वॉचमन म्हणाला, "ताई, इथं फक्त गाड्यांचे नंबर टाकतात."

"आज पंप बघा," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत कारखान्यातली एकही खुर्ची तिनं सोडली नाही. मालक बसले होते ती सोडून. तिच्यावर ती दुसऱ्या दिवशी बसली, ते गेल्यावर.