नानांची मूठ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या मोठ्या मायचे. मोठी माय म्हणजे माझी चुलती, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई-वडील मला कळायच्या आत गेले, त्यामुळे माझ्यासाठी माय म्हणायला तीच. पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव आहे. तिथं तिने लोकांच्या शेतात कांदा निंदला, कापूस वेचला आणि मला धुळ्याला कॉलेजात घातलं. माझ्याआधी आमच्या घरात कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. आज मी जळगावात एका डाळ मिलच्या प्रयोगशाळेत नमुने तपासतो, पंख्याखाली बसून पगार घेतो. त्या खुर्चीत बसताना अजूनही मला कधी कधी वाटतं की कुणीतरी येऊन म्हणेल, ऊठ, ही जागा तुझी नाही.

तिचा नवरा, म्हणजे आमचे नाना, मोहाची दारू गाळायचे. घरामागे, गोठ्याच्या कोपऱ्यात त्यांचं मडकं अर्धं जमिनीत पुरलेलं असायचं. त्यात मोहाची फुलं आणि गूळ भिजत पडलेला. नाना स्वभावाने गरीब माणूस. पिऊन कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. पीत मात्र रोज. मडकं तयार झालं का हे ते नाकाने ओळखत नसत. उकिडवे बसायचे, डावा तळवा मडक्याच्या पोटावर ठेवायचे आणि कान लावायचे. म्हणायचे, "बोली ऱ्हायनं," म्हणजे मडकं बोलतंय. मग झाकण सारून पेटती काडी तोंडाशी धरायचे. काडी विझली की माझ्याकडे बघून हसायचे. "काडी इझनी ना, म्हनजे आत जीव शे." जळत राहिली तर मडकं मेलं असं समजायचं आणि ओतून द्यायचं. आत तयार होणारा वायू जाळाला विझवतो हे मला पुढे कॉलेजात शिकवलं. तोवर मला तो नानांचा मंत्रच वाटत असे.

ज्या दिवशी मला कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या दिवशी मोठ्या मायने ते मडकं फोडलं. कुऱ्हाड उलटी धरून तिची बोथट बाजू घातली आणि एका घावात फोडलं. म्हणाली, "आते ह्या घरमां हाई चालाव नही. पोऱ्या कॉलेजमां जाई ऱ्हायना. त्याले कोनी दारूवालाना पुतन्या म्हनाले नको." नाना गोठ्याच्या दारात उभे होते. जमिनीवर पसरत गेलेल्या फेसाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले. म्हणाले, "येस मी जरासा," म्हणजे येतो जरा. आणि धुळ्याच्या गाडीकडे चालत गेले.

ते परत आले नाहीत. आम्ही साक्री, धुळे, नंदुरबार पालथं घातलं. एकाने त्यांना भुसावळच्या फलाटावर पाहिल्याचं सांगितलं, म्हणून तिथंही जाऊन राहिलो. पोलिसांनी दाखवलेल्या बेवारस माणसांच्या फोटोंत ते नव्हते. नाना मेले असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहेत असंही कुणी सांगितलं नाही. मोठी माय कुंकू लावत राहिली. आणि दर श्रावणात कानबाईला त्यांच्या नावाची मूठ टाकत राहिली.

खानदेशाबाहेरच्यांसाठी हे थोडं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू घेतात ते मुठीने, घरात जेवढे पुरुष तेवढ्यांच्या नावाने, प्रत्येकाची सव्वा मूठ. मेलेल्याची मूठ घेत नाहीत. आमच्या घरात दोनच मुठी पडतात. एक माझी, एक नानांची. माझी टाकताना मोठ्या मायचा हात पटकन उघडतो. नानांची टाकताना मुठीतून दाणे एकेक सुटतात, जणू ती कुणीतरी थांबवायची वाट बघते आहे.

यंदाच्या आषाढात भाऊबंदांतले एक आबा तिच्या ओट्यावर येऊन बसले. "वहिनी, कितला वरीस? मरेल मानूसनी मूठ देवीले चालस नही. घरवर काही उनं म्हनजे?" मूठ थांबवायची म्हणजे नाना गेले असं मानायचं, आणि तसं मानलं की कुंकूही पुसायचं. मोठ्या मायने आबांना सांगितलं, "मन्हा पोऱ्याले इचारी सांगस. तो शिकेल शे." मला तिने फोनवर तेवढंच विचारलं, "टाकू का नको टाकू?" मी म्हणालो, "सांगतो." आणि सांगितलं नाही. माझ्या शिक्षणात या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

त्याच दिवसांत माझ्याकडे तो खोका आला. मिलमधले एक सहकारी पुण्याला बदलून चालले होते. त्यांनी हौसेने घरी बियर करायचं किट मागवलं होतं आणि ते तसंच पडून होतं. "सर, तुम्ही लॅबवाले. तुम्हालाच जमेल. नाहीतर आमची बायको भंगारात देणार आहे." मी पीत नाही. आयुष्यात प्यालो नाही. तरी तो खोका मी स्कूटरवर पुढे ठेवून घरी का आणला, ते मला नीट सांगता येत नाही.

माझी बायको भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, बोलण्यात कुणाला हार जाणार नाही. तिने खोका उघडलेला पाहिला.

"हे काय, घरात भट्टी?"

"भट्टी नाही. किट आहे."

"आमच्याकडे किटला गुत्ताच म्हणायचे. आणि करून पिणार कोण? तुम्हाला तर ताकसुद्धा चढतं."

"करून बघायचंय फक्त."

"पोलीस आले तर मी सांगेन, वरच्या भाडेकरूचं आहे." मग म्हणाली, "वरती भाडेकरू नाही, हे त्यांना कळायच्या आत संपवा म्हणजे झालं."

मी पुस्तिकेप्रमाणे सगळं केलं. बादली, पळी, झाकण निर्जंतुक पावडरीच्या पाण्यात बुडवून काढलं. डब्यातला माल्टचा अर्क काकवीसारखा दाट आणि काळा. तो गरम पाण्यात विरघळवला, साखर घातली, गार पाणी ओतलं. कोमट झाल्यावर यीस्टची पुडी वर भुरभुरली. झाकण घट्ट बसवलं. झाकणाच्या भोकात एक वाकडी प्लॅस्टिकची नळी बसते, तिच्यात थोडं पाणी असतं. आतला वायू त्या पाण्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. जळगावची उष्णता आषाढातही कमी नसते, म्हणून बादलीला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि मागच्या खोलीत कूलरसमोर ठेवली. पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की काही झालं तरी झाकण उघडू नका.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मागच्या खोलीतून आवाज आला. गुब्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, गुब्. माझा ब्रश तोंडातच थांबला. तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, पण माझ्या कानाने तो माझ्याआधी ओळखला.

त्यानंतर घर बदललं असं मला वाटू लागलं. वास आधी मागच्या खोलीत होता. मग तो स्वयंपाकघरात आला, मग माझ्या मिलच्या शर्टात. ओल्या भाकरीचा, आंबलेल्या गुळाचा. जेवताना माझी पाठ मागच्या खोलीकडे असे आणि तिथं कुणीतरी बसलं आहे अशी जाणीव मानेवर राही. भीती नव्हती वाटत. कुणी पाहुणा येऊन बसला आहे आणि आपण त्याला पाणीसुद्धा विचारलेलं नाही, तसं वाटे. दोनदा मी खरोखर उठून बघून आलो. बादली होती, गोणपाट होतं, कूलर चालू होता.

मग एका दुपारी आवाज थांबला. पुस्तिकेत लिहिलं होतं, आवाज मंदावला तरी काळजी करू नका, घनता मोजायच्या काचेच्या नळीने खात्री करा. ती नळी खोक्यात होती. मला तिचा वापर येतो, माझा धंदाच तो. मी ती हातात घेतली आणि पुन्हा खोक्यात ठेवली. बादलीसमोर बसलो. थोड्या वेळाने मी झाकण सैल केलं, देवघरातली काडेपेटी आणली आणि पेटती काडी आत धरली.

काडी विझली.

"अहो," बायको दारात उभी होती. केव्हापासून ते माहीत नाही. "असे का बसलात?"

मी स्वतःकडे पाहिलं. मी उकिडवा बसलो होतो. मी कधी उकिडवा बसत नाही, माझे गुडघे दुखतात. डावा तळवा बादलीवर होता आणि कान झाकणाच्या कडेला. खांद्यावर टॉवेल होता.

"मला वाटलं दुसरंच कुणी आहे," ती म्हणाली. या वेळी ती थट्टा करत नव्हती. तिने नानांना कधी पाहिलेलं नाही. त्यांचा एक फोटोही आमच्याकडे नाही.

झाकण उघडल्यामुळे हवा आत गेली होती आणि बियर बिघडणार हे मला कळत होतं. पण हवेमुळे की माझा हात लागून हलल्यामुळे, झाकण परत घट्ट बसवल्यावर बादली पुन्हा बोलू लागली. संध्याकाळी मोठ्या मायचा फोन आला तेव्हा मी मागच्या खोलीतच होतो.

"जेवना का?"

"अजून नाही. तू?"

"मन्हं व्हई गयं. आबा परत येल व्हतात. रविवार जोडे उना, मी गहू कधय निसू? ते म्हनतंस..." आणि ती बोलता बोलता थांबली.

गुब्.

मी फोन हाताने झाकायला हवा होता. झाकला नाही.

"कोन शे तठे?" तिने विचारलं.

"कुणी नाही, मोठी माय. मी एकटाच आहे."

गुब्.

"मडकं बोली ऱ्हायनं," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता. "नाना परत उनात का?"

आम्ही दोघं फोन धरून तो आवाज ऐकत राहिलो, ती डोंगरापाशी आणि मी जळगावात. मग ती हळूच म्हणाली, "मी फोडं म्हनीसन गयात ते." इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा तोंडातून काढलं. आणि फोन ठेवला.

तेव्हा मला कळलं की तिचा प्रश्न मुठीचा नव्हताच. आपण फोडलेल्या मडक्यापायी एक माणूस मेला की नाही, हे ती मला विचारत होती. म्हणूनच पाय सुजलेले असताना ती ते घर सोडून माझ्याकडे राहायला येत नाही. नाना आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?

बियर बिघडली. चार दिवसांनी वर पांढरी साय धरली आणि आंबट वास सुटला. मी एक वाटी काढून चाखली. पातळ, आंबट, आणि तिच्या तळाला कुठेतरी गूळ. नाना पहिली धार नेहमी जमिनीवर सोडायचे, मग स्वतः घ्यायचे. मी बादली उचलून मागच्या सीताफळाच्या बुंध्याशी नेली आणि सगळीच जमिनीवर सोडली. बायको म्हणाली, "झाडाला चढली तर तुम्हीच उतरवा." मग तिनेच बादली धुतली, उन्हात पालथी घातली, आणि मागच्या खोलीतला एक पलंग सरकवून जागा केली.

मोठ्या मायला वाचता येतं. माझ्या पहिलीच्या पुस्तकावर ती माझ्याबरोबरच शिकली. आजही अक्षराखाली बोट धरून वाचते. फोनवर ती सगळ्याला हो म्हणते आणि पुन्हा मनात घोळवत बसते. कागद तिला परत परत वाचता येतो, आबांनाही दाखवता येतो. म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पाठवलं.

"मोठी माय, पाया पडतो.

नानांची मूठ टाक. मी सांगितलं म्हणून टाक. आबांना हा कागद दाखव. देवीला चाललं नाही तर तो दोष माझ्या घरावर येऊ दे, तुझ्या नाही. कुंकू पुसू नकोस.

नाना जिवंत आहेत की नाही ते मला माहीत नाही. शिकलेल्यांनाही ते कळत नाही. तू फोनवर जे ऐकलंस ते एका बादलीचं होतं. मीच बियर नावाचं काही करायला घेतलं होतं. ते बिघडलं, ओतून दिलं, आता घरात काही नाही. पण ते करताना मी नानांसारखा बसलो, नानांसारखा कान लावला. मला कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्या सुनेने पाहिलं. तिला विचार. ते घरातून गेले, पण सगळेच गेले नाहीत असं मला वाटतं.

तू मडकं फोडलंस म्हणून मी शिकलो. ते गेले ते त्यांच्या पायांनी गेले. जाताना रागावले नव्हते. मी त्यांचं तोंड पाहिलं होतं, तू फेसाकडे बघत होतीस. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू त्यांचं नाव काढलंस की मी गप्प बसायचो.

यंदा कानबाई इथे बसवू. शनिवारी मी गाडी घेऊन येतो. घराला कुलूप लावू नकोस, कडी घाल. दाराजवळच्या दुकानात माझा पत्ता आणि फोन देऊन ठेवतो. नानांना वाचता येत नाही, पण दुकानदार सांगेल. कानबाई उठली की तुला परत जायचं असेल तर सोडीन. राहायचं असेल तर मागची खोली मोकळी केली आहे.

गहू तिथलेच आण. मूठ तुझीच लागेल, माझा हात मोठा आहे.

तुझा पोऱ्या"