तीन ओढींचा नियम

माझा दीर रोझेर पेल्शा याच्याइतका गर्विष्ठ माणूस आमच्या लाक-ओ-लूत्र गावात दुसरा नाही, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. गावचा चीजचा कारखाना बंद पडला तेव्हा सगळे हळहळले आणि घरी गेले. रोझेरनं मात्र ती रिकामी शेड मागून घेतली, झाडूनपुसून लख्ख केली आणि तिथे जुन्या बर्फगाड्यांचं संग्रहालय मांडलं. आज तिथे तेवीस गाड्या आहेत. कुठली कोंबड्यांच्या खुराड्यातून आणली, कुठली तळ्याच्या तळातून साखळ्या लावून काढली. एका म्हातारीच्या अंगणात तर गाडीवर गुलाबाचा वेल चढला होता. वेलाची एक फांदी न मोडता ती गाडी सोडवायला त्यानं दोन दिवस घालवले. घरात त्याला साधी कपबशी विसळून ठेवता येत नाही, हेही सांगून टाकते.

मी युगेत, त्याच्या थोरल्या भावाची बायको. नवरा गेल्यापासून संग्रहालयातलं सूप माझ्याकडे असतं. रविवारी वाटाण्याचं, इतर दिवशी जे असेल ते. लोक म्हणतात गाड्या बघायला येतो, पण दोनदोन वाट्या सूप पिऊन जातात.

इतर ठिकाणी ‘हात लावू नका’ अशी पाटी असते. आमच्या दारावर ‘हात लावा, पण दोरी ओढू नका’ असं लिहिलं आहे. दोरी म्हणजे एंजिन सुरू करायची दोरी. दुरुस्तीची चाचणी सोडली तर ती ओढायचा मान वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. चर्च सुटलं की सगळ्या गाड्या गोठलेल्या तळ्यावर नेऊन ओळीनं लावायच्या, सगळ्यात जुनी आधी, आणि एकेकीचा पुकारा करायचा. दोरी फक्त तीनदा ओढायची. सुरू झाली तर हँडलला लाल फीत. नाही झाली तर निळी चिठ्ठी, तिच्यावर कारण आणि ज्याच्या हातून बिघडली त्याचं नाव. मग ती गाडी वर्षभर मागच्या भिंतीशी, तोंड भिंतीकडे करून उभी. रोझेरचं म्हणणं असं की चालत नाही ते भंगार, आणि भंगार बघायला लोकांनी एवढ्या थंडीत कशाला यावं.

त्या चिठ्ठीला सगळे भितात. क्लेमाँ सुताराच्या हातून एकदा गाडी बंद पडली, तर चिठ्ठीवर ‘उंदरानं वायर खाल्ली’ असं लिहावं लागलं. तेव्हापासून बिचारा दुकानात शिरला की कुणीतरी चीजचा तुकडा पुढे करतंच.

पण उंदीर परवडला. सगळ्यात मोठी नाचक्की तेलाची. या जुन्या एंजिनांना वेगळं तेल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. नव्या गाड्या आपलं आपण बघून घेतात, त्यामुळे लोकांची सवय गेली आहे. नुसतं पेट्रोल ओतलं की पिस्टन कोरडा पडतो आणि पाचदहा मिनिटांत जाम होतो. असं कुणी केलं की रोझेर त्याला सरळ विचारायचा, ‘बाबा रे, देवानं तुला डोकं दिलं ते टोपी घालायला का?’ आमच्या सरपंचालाही त्यानं हे विचारलं होतं, भर सभेत.

आता पिवळ्या गाडीचं सांगते. ती ओदील नर्सबाईंची. पस्तीस वर्षं त्या या भागात बाळंतपणं करत फिरल्या. बहात्तरच्या फेब्रुवारीत माझे दिवस भरले तेव्हा नवरा जंगलात लाकूडतोडीच्या छावणीवर होता आणि बाहेर असं वादळ की खिडकीतून समोरचं कोठार दिसेना. रोझेर तेव्हा चोवीस वर्षांचा. तो आपल्या निळ्या गाडीवरून नर्सबाईंना आणायला गेला. येताना तो पुढे राहून वाट पाडत होता आणि त्या पिवळ्या गाडीवर मागून, त्याच्या दिव्याकडे बघत. सोळा मैलांना चार तास लागले. माझी मुलगी लिझ पायाळू होती. नर्सबाई अर्धा तास उशिरा पोचत्या तर आज हे सांगायला मी नसते आणि ऐकून नाक मुरडायला लिझही नसती.

पुढे नर्सबाईंनी पिवळी गाडी संग्रहालयाला दिली. ती आणि रोझेरची निळी एकाच वर्षाच्या, एकाच एंजिनाच्या, म्हणून शेजारी शेजारी उभ्या. दोघींनी एकदाही निळी चिठ्ठी पाहिली नव्हती.

गेल्या वर्षी नर्सबाई शहाऐंशीच्या झाल्या. वसंतात भाची त्यांना दक्षिणेला, शहरात नेणार असं ठरलं. त्यांनी रोझेरला निरोप पाठवला की जाण्यापूर्वी एकदा आपल्या गाडीवरून तळ्यापलीकडच्या चर्चपर्यंत जाऊन यायचं आहे. रोझेरनं फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारचा शब्द दिला आणि नंतरचा महिनाभर त्या गाडीला इतकं पुसलं की पिवळा रंग पातळ झाला असेल.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, रोझेर पिवळीची चाचणी घ्यायला निघाला. टाकी रिकामी होती. मला म्हणाला, ‘वहिनी, जरा भरून ठेवतेस? मी पट्टा बघतो.’ मी कोपऱ्यातला डबा उचलला आणि ओतला. पन्नास वर्षं बर्फगाडी चालवते आहे मी. पण गेली वीस वर्षं माझ्याकडे नवी गाडी आहे आणि तिला मी असंच पेट्रोल घालते. मिसळलेल्या पेट्रोलचा डबा लाल असतो. मी उचलला तो हिरवा.

रोझेर तळ्यावर गेला. मी खिडकीशी कांदे चिरत होते. एंजिनाचा आवाज आधी नेहमीसारखा होता, मग तो बारीक होत होत वर चढला आणि एकदम तुटला. हिरव्या डब्याकडे नजर गेली आणि मला कळलं की मी काय केलं आहे.

तो गाडी ढकलत परत आला. मी दारातच सांगून टाकलं. आता टोपीचं ऐकावं लागणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. त्यानं गाडी आत घेतली आणि एंजिन उघडलं. पिस्टनवर बोटभर खोल ओरखडे नव्हते, पण होते ते पुरेसे होते, आणि सिलिंडर आतून खरवडला होता. तसा सुटा भाग मिळायला तीन आठवडे लागले असते. नर्सबाई दुसऱ्या दिवशी बाराला यायच्या होत्या.

रोझेरनं हात पुसले आणि शेजारच्या निळीचं झाकण उचललं.

‘अरे, तुझी गाडी,’ मी म्हटलं. ‘उद्या ती सुरू होणार नाही. मागच्या भिंतीशी जाईल.’

‘जाईल,’ तो म्हणाला. ‘तो दहा नंबरचा पाना दे.’

चार वाजेपर्यंत निळीचा पिस्टन आणि सिलिंडर पिवळीत बसले. पिवळीचे ओरखडलेले त्यानं साफ करून निळीत लावले. निळी नुसती पोकळ ठेवता आली असती, पण मग दोरी ओढण्यात अर्थ नव्हता, आणि दोरी न ओढता गाडी मागे ठेवणं म्हणजे नियम मोडणं.

रविवारी ऊन पडलं होतं, थंडी उणे वीस. सगळं गाव तळ्यावर. नर्सबाई घोंगडीत गुंडाळून खुर्चीवर बसल्या होत्या. एकेक गाडी सुरू होत गेली, लाल फिती लागल्या, आणि निळीचा पुकारा झाला. रोझेरनं पहिल्यांदा दोरी ओढली. आतून खर्र आवाज आला. दुसऱ्यांदा तेच. आधी हसलेले लोक पुढे सरकले. तिसऱ्यांदा त्यानं पूर्ण ताकदीनं ओढली, जणू खरंच सुरू होणार आहे. मग खिशातून चिठ्ठी काढली, सीटवर ठेवून लिहिलं आणि स्वतःच्या हातानं हँडलला बांधली.

क्लेमाँनं पुढे होऊन ती मोठ्यानं वाचली: ‘कारण: तेल घातलं नाही. रोझेर पेल्शा.’

क्लेमाँला केवढी संधी होती. पण तोही टोपी काढून नुसता उभा राहिला. एवढा ताठ माणूस, आणि गावातली सगळ्यात मूर्ख चूक त्यानं स्वतःच्या नावावर लिहून दिली होती, माझ्यासाठी. मी सुपाच्या पातेल्यामागे पळी धरून उभी होते.

मग पिवळीचा पुकारा. रोझेरनं दोरी ओढली आणि पहिल्याच ओढीला एंजिन लागलं. नर्सबाईंनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, मग बसल्या आणि निघाल्या. चर्चपर्यंत गेल्या, वळल्या, आल्या. पाठ ताठ, गळपट्टा मागे उडतो आहे. आम्ही कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातमोज्यांमुळे आवाजच झाला नसता. लिझ माझ्या शेजारी उभी राहून रडत होती, बावन्न वर्षांची बाई.

नर्सबाई उतरल्या, पण गाडी बंद करू देईनात.

‘रोझेर, माझं एंजिन पहिल्या ओढीला कधी लागलं होतं रे?’

‘थंडी कमी आहे आज.’

‘पस्तीस वर्षं मी रोज सकाळी ती दोरी ओढली आहे. माझी दुसऱ्या ओढीला लागते. पहिल्या ओढीला लागणारी या गावात एकच होती, आणि तिचा तुला फार माज होता.’ त्यांनी निळ्या चिठ्ठीकडे काठी केली. ‘आणि तू तेल विसरलास हे मला शपथेवर सांगितलंस तरी पटणार नाही.’

मी पळी ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, ‘मी ओतलं. हिरव्या डब्यातलं. त्यानं रात्रीत आपलं एंजिन पिवळीत घातलं आणि माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली.’

‘रात्रीत नाही, चार वाजेपर्यंत झालं होतं,’ रोझेर म्हणाला. त्याला तेवढंच खटकलं.

मी चिठ्ठी सोडली, त्याचं नाव खोडून खाली माझं लिहिलं. बोटं गारठली होती. रोझेर खांद्यावरून बघत होता. ‘अक्षर तरी नीट काढ,’ म्हणाला, ‘वर्षभर लोक वाचणार आहेत.’

नर्सबाई एप्रिलमध्ये भाचीकडे राहायला गेल्या. सुटे भागही कधीच आले, कपाटात डब्यात आहेत. यंदाचा फेब्रुवारी आला तेव्हा मी म्हटलं, निळी दुरुस्त कर आता. तो नको म्हणाला. पिवळीतलं एंजिन आता परत काढायचं नाही आणि निळीत परकं घालायचं नाही, असं त्याचं पक्कं आहे. फक्त तिचं तोंड त्यानं भिंतीकडून दाराकडे फिरवलं. स्वतःच केलेला नियम त्यानं तेवढा एकदाच वाकवला.

आता कुणी पाहुणा आला की बावीस चालत्या गाड्या सोडून तो आधी त्याला या एका बंद गाडीपाशी नेतो. चिठ्ठी वाचायला लावतो. पाहुणा विचारतो, ही युगेत पेल्शा कोण? रोझेर छाती पुढे काढून माझ्या चुलीकडे बोट दाखवतो, आणि मी पळी वर करते.