मेलसाहेबांची जीभ

मेलसाहेबांकडे खायचे काही घेऊन जायचे म्हणजे देणाऱ्याला परीक्षेला बसल्यासारखे वाटे. दिवाळीत शेजारच्या अक्कांनी करंज्या दिल्या, तर साहेबांनी त्यांच्यासमोरच अर्धी खाल्ली, थोडा विचार केला आणि सांगितले, "अक्का, तेल नवा हाय, पन खोबरा जुना हाय." अक्का कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या दिवाळीला मात्र पहिले ताट त्यांच्याकडेच गेले. तिथे पास झाले की बाकी कॉलनीची भीती नाही, असे अक्का म्हणायच्या.

उभी हयात त्यांनी मेलगाड्या चालवल्या, म्हणून ते मेलसाहेब. अँग्लो-इंडियन असल्याने खरे नाव इंग्रजी होते. ते फक्त पेन्शनच्या कामापुरते वापरात होते. बायको गेल्यावर भुसावळच्या रेल्वे कॉलनीमागे एका कौलारू घरात ते एकटे राहत. मराठी त्यांनी यार्डात उचललेली, हिंदीत कालवलेली. माझे वडील, आमचे नाना, धुळ्याकडच्या खेड्यातून येऊन लोको शेडमध्ये, इंजिनांच्या देखभालीला, खलाशी झाले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. इंग्रजीची धास्ती होती, म्हणून नानांनी मला साहेबांच्या ओट्यावर नेऊन बसवले. साहेबांनी फी घेतली नाही. आज मी जे चार इंग्रजी कागद न अडखळता वाचतो, ते त्या ओट्याचे देणे आहे.

फीऐवजी एक काम मात्र असे. मोरीच्या कोपऱ्यात मोठा माठ होता आणि त्याच्या बुडाशी वाळूचा वाफा. त्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली एक काळी बाटली होती. त्यांचा मुलगा केन जहाजावर नोकरीला असताना त्याने ती विलायतेहून आणली होती. मोड आणून भाजलेल्या जवाची कडक दारू. साहेब तिला 'ओल्ड एल' म्हणत. आपल्याकडच्या बिअरच्या घराण्यातलीच, पण वयाने आणि अंगाने थोरली. केन म्हणाला होता, आत्ताच पिऊन टाका, भुसावळच्या उन्हाळ्यात ही टिकायची नाही. साहेब म्हणाले होते, टिकेल, आणि मुरेल. तू परत ये, दोघे मिळून पिऊ, मग बोल. बापलेकांची पैज लागली. केन गेला तो ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. दर नाताळला येतो म्हणे आणि दर नाताळला काहीतरी अडे.

उन्हाळ्यात आमच्याकडे कौले तापून तडतडतात. त्या दिवसांत साहेब सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडत. बहिणीकडे जबलपूरला गेले की ते काम माझ्याकडे येई. परत आल्यावर, मी कसा आहे हे विचारण्याआधी विचारत, "वाळूला पाजला काय?"

मी बी.ए. झालो त्या दिवशी पेढे घेऊन गेलो. पेढा खाऊन ते म्हणाले, "साखर जास्ती." मग उठून मोरीत गेले. बाहेर आले तेव्हा हातात ती बाटली होती, ओल्या वाळूने माखलेली. मी घाबरून म्हणालो, ही तर केनची आहे. त्यांनी ती फडक्याने पुसली आणि सांगितले, "केन यंदा पन नाय येनार, त्याने कळवला. संध्याकाळी ये. गाळ खाली बसू दे."

नाना गळ्यात माळ असलेले. घरी काय सांगावे ते सुचेना, म्हणून खरेच सांगितले. नानांनी बिडीचे थोटूक विझवले. मग म्हणाले, "साहेबनी दिनं तं नही म्हनू नको. मी इचारस नही, तू सांगू नको."

संध्याकाळी साहेबांनी दोन ग्लास गरम पाण्याने धुऊन, पुसून ठेवले होते. साबणाचा वास राहिला तर नाक फसते, म्हणाले. बर्फ नव्हता; बर्फाने जीभ झोपते. तळाचा गाळ हलू न देता त्यांनी सावकाश ओतले. खिडकीच्या उजेडात धरले तर रंग काळा नव्हता, आत खोल तांबडे होते. वर काकवीच्या फेसासारखी पातळ साय. आधी वास, मग घोट, मग तो तोंडात फिरवून गिळायचा आणि गप्प बसायचे. मी घोट घेतला. छातीपर्यंत ऊब उतरली.

"कसा हाय?"

"छान."

ते एकदम रागावले. "छान ही काय चव नाय. लबाडी हाय. जीभला लबाडी नाय शिकवायची."

मी डोळे मिटून पुन्हा घोट घेतला. मग सुचेल तसे बोललो. गुऱ्हाळात कढईच्या कडेला काकवीचा थर करपतो, तशी गोडी. मग काळ्या मनुका. मग तव्यावर भाजलेली भाकरी, आणि सगळ्यात शेवटी कडुलिंबाच्या काडीचा कडवटपणा, पण थोडाच. साहेब ऐकत होते. म्हणाले, "आंबट लागला?" मी म्हणालो, नाही. "नाय ना?" त्यांनी स्वतःचा घोट कितीतरी वेळ तोंडात ठेवला. गिळला आणि खुर्चीत मागे टेकले. "एकदम बरोबर मुरला. केन हरला."

इतका आनंदलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल. बाटली संपली. रिकामी बाटली त्यांनी धुऊन पुन्हा वाळूत रोवली.

त्याच वर्षीच्या नाताळात केन आला. न कळवता, बायकोला घेऊन. त्याच्या बॅगा ओट्यावर चढवायला मीच होतो. घरात शिरताच तो हसत मोरीकडे गेला आणि परत आला तो रिकामी बाटली हातात धरून. बापाकडे पाहत राहिला. हसू अजून ओठांवर होते, पण ते आता विझायच्या बेतात होते. मी खाली मान घातली.

साहेब म्हणाले, "खराब झाला. आंबट. गटरमध्ये ओतला."

केनचा चेहरा क्षणात मोकळा झाला. मी म्हणालो होतो ना, भुसावळचा उन्हाळा, असे म्हणत त्याने बापाला मिठी मारली. बॅगेतून नवी बाटली काढली, तिथेच उघडली, ओतली. कशी आहे, म्हणून विचारले. साहेबांनी घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "छान."

महिन्याभरात केन त्यांना घेऊन गेला. पुढे काही वर्षांनी ते तिकडेच वारल्याचे कळले. मी आजही कुणाच्या घरी जेवलो की छान म्हणत नाही. काय लागले ते सांगतो. लोकांना राग येतो. पण मला आठवते ती चव नव्हे; ते निघाले त्या दिवशीचा प्लॅटफॉर्म आठवतो. केन हमालाशी बोलत होता तेवढ्यात मी साहेबांना म्हणालो होतो, "मी सांगतो त्याला. ती उत्तम मुरली होती. पैज तुम्ही जिंकलात."

साहेबांनी माझा हात दाबला.

"मग तो विचारेल, कोनासंगे पिला?"